गप्प बसणारा नकाशा

‘यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस.’

रात्री साडेअकराला टर्मिनलने, म्हणजे संगणकाला आज्ञा लिहून द्यायच्या खिडकीने, मला हे सुनावलं. मोडकीतोडकी गाठोडी धरून बसली आहेस, असं. एखाद्या जुन्या मैत्रिणीने तोंडावर सांगावं तितकं ते खरं असेलही, पण त्या घटकेला माझा प्रश्न एवढा खोल नव्हता. मला फक्त एक नकाशा काढायचा होता.

गेली सहा वर्षं मी एकाच डोंगरावर चालायला जाते. दर वेळी फोन वाट टिपून ठेवतो आणि त्याची जीपीएक्स नावाची छोटी फाइल होते. अशा तीनशेच्या वर फायली साठल्या. कधीतरी वाटलं, या सगळ्या वाटा एकाच कागदावर एकमेकींवर ठेवल्या तर कशा दिसतील? खाली डोंगराचा चढउतार, मधे ते तळं, समोच्च रेषा, आणि वर सहा वर्षांची आपली पावलं. नकाशांचंच काम करणारा एक मित्र आहे, त्याला विचारलं. तो म्हणाला, “क्यूजीआयएस घे. फुकट आहे, आणि तुझ्या लिनक्सवर तर अगदी घरच्यासारखं चालतं.”

घरच्यासारखं म्हणजे काय ते मला नंतर कळलं. घरची माणसं वागतात तसंच.

लिनक्स ही माझा संगणक चालवणारी प्रणाली. तिच्या स्वतःच्या सॉफ्टवेअर-भांडारात क्यूजीआयएस होतंच. एक आज्ञा दिली असती तर पाच मिनिटांत बसलं असतं. पण ती आवृत्ती जुनी होती. डेबियन घराण्यातल्या लिनक्सचा रिवाज असा, की एकदा आवृत्ती बाहेर पडली की तिच्यातली सॉफ्टवेअरं जिथल्या तिथे गोठवायची. स्थैर्यासाठी ते बरंच आहे. क्यूजीआयएस मात्र दर चार महिन्यांनी नवं निघतं, आणि त्यातली एक आवृत्ती वर्षभर फक्त दुरुस्त्या करत सांभाळली जाते. मला ती सांभाळलेली हवी होती. त्यासाठी प्रकल्पाचं स्वतःचं भांडार यादीत घालायचं, त्याची किल्ली उतरवून ठेवायची, मग अपडेट, मग इन्स्टॉल. चार पायऱ्या.

चारही पायऱ्या मी कुठल्याशा जुन्या टिपणातून उचलल्या आणि डोळे मिटून चिकटवल्या. तिथेच घोळ झाला. भांडाराच्या ओळीत एक शब्द असतो, तुमच्या लिनक्सच्या आवृत्तीचं टोपणनाव. टिपणातलं टोपणनाव दोन पिढ्या मागचं होतं. म्हणजे मी एका आवृत्तीसाठी शिवलेला सदरा दुसरीच्या अंगात घालत होते. आतल्या जीडॅल नावाच्या लायब्ररीचा, म्हणजे तयार कोडच्या संचाचा, एक क्रमांक क्यूजीआयएस मागत होतं, माझ्याकडे दुसराच होता, आणि सॉफ्टवेअर बसवून देणारं ॲप्ट बिचारं दोघांमध्ये उभं राहून ‘हे याच्यावर अवलंबून आहे, पण ते बसवता येणार नाही’ असं ओळीमागून ओळ सांगत होतं. मी त्या ओळी वाचल्याच नाहीत. लाल अक्षरं दिसली की माणूस वाचत नाही, नुसता घाबरतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा न घेता वाचल्या. त्यात सगळं लिहिलेलं होतं. कोण कुणावर अडलंय, किती क्रमांकाचं हवंय, किती क्रमांकाचं आहे. एक शब्द बदलला, आणि गाडी चालू झाली.

मी पोटासाठी मुद्रितं तपासते. त्यामुळे यादी दिसली की ती वरपासून खालपर्यंत वाचायची खोड आहे. क्यूजीआयएस बसताना जी पॅकेजं खाली उतरत होती त्यांची नावं मी वाचत बसले, आणि लक्षात आलं की ही डिपेंडन्सींची यादी नाही, वंशावळ आहे. एका ओळीत प्रोज. गोल पृथ्वी सपाट कागदावर कशी उतरवायची (याला प्रक्षेपण म्हणतात), त्याची सगळी गणितं करणारी लायब्ररी. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणात काम करणाऱ्या जेराल्ड इव्हेंडन यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ती लिहायला घेतली. पुढे ग्रास, हेही नकाशांचंच सॉफ्टवेअर. ते १९८२पासून अमेरिकी लष्कराच्या एका बांधकाम संशोधन प्रयोगशाळेत घडत गेलं आणि १९९९मध्ये जीपीएल या खुल्या परवान्याखाली आलं. तोफा असणाऱ्यांच्या घरचं सॉफ्टवेअर माझ्या टेबलावर पाऊलवाटा मोजायला यावं, याची मला गंमत वाटली. मग ते भांडखोर जीडॅल. फ्रँक वॉर्मरडॅम यांनी १९९८मध्ये सुरू केलेलं, शेकडो प्रकारच्या नकाशाफायली वाचणारा हा दुभाषा. आणि या सगळ्यांच्या खांद्यावर बसलेलं क्यूजीआयएस, जे गॅरी शेरमन यांनी २००२मध्ये सुरू केलं तेव्हा फक्त एका प्रकारच्या डेटाबेसमधले थर दाखवू शकत होतं. बाकी काही नाही. त्याचं पाळण्यातलं नाव क्वांटम जीआयएस. भौतिकशास्त्राशी काडीचा संबंध नव्हता. २०१३मध्ये ते क्वांटम गळून पडलं, बरं झालं.

प्रोग्राम उघडला. पांढरं रिकामं पान, भोवती बटणांची जत्रा. मी खूश होऊन बंद केला. संध्याकाळी टर्मिनलमधून पुन्हा उघडला, तर एक वेगळीच ओळ आली. तिचा मथितार्थ असा: तुमची प्रोजची डेटाबेस फाइल मला हवी त्यापेक्षा जुन्या घडणीची आहे, आणि ती दुसऱ्याच कुठल्या प्रोजच्या घरून आलेली दिसते.

सकाळी चाललं ते संध्याकाळी का नाही? दोन तास गेले त्यात. मेनूमधून उघडलं की चालायचं, टर्मिनलमधून उघडलं की कुरकुरायचं. एकच यंत्र, एकच प्रोग्राम. शेवटी सापडलं ते असं. काही महिन्यांपूर्वी दुसऱ्या कशासाठी तरी मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेचा एक वेगळा संसार त्याच संगणकावर थाटला होता. त्या संसाराचं स्वतःचं प्रोज होतं, आणि तेव्हाच कुणाचं तरी ऐकून मी टर्मिनलच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये, बॅशआरसीमध्ये, ‘प्रोजची माहिती इथे आहे’ असं सांगणारी एक ओळ लिहून ठेवली होती. मेनू ती फाइल वाचत नाही. टर्मिनल वाचतं. म्हणून टर्मिनलमधून निघालेलं क्यूजीआयएस शेजारच्या घरात जाऊन आपला डबा शोधत होतं. २०१९मध्ये प्रोजच्या सहाव्या आवृत्तीने सगळी प्रक्षेपणं साध्या मजकूर-फायलींतून काढून एका डेटाबेसमध्ये ठेवली. तेव्हापासून हा डबा एकच, आणि तो चुकीचा मिळाला की सगळाच स्वयंपाक अडतो. मी ती ओळ पुसली. स्वतःच्याच हाताने लिहिलेली, कशासाठी ते विसरलेली ओळ.

आता मागे वळून पाहताना वाटतं, ते दोन दिवस सुखाचे होते. काही चुकलं की यंत्र ओरडत होतं. कुठे चुकलं, काय हवं होतं, काय मिळालं, सगळं तोंडावर सांगत होतं. खरी गंमत त्याने ओरडणं बंद केल्यावर सुरू झाली.

आमच्या धंद्यात चुका दोन जातीच्या असतात. ‘वर्धापन’चं ‘वर्धापण’ झालं तर ते डोळ्याला टोचतं, कुणीही पकडेल. पण ‘वर्धापनदिन’चं ‘वर्धापनदीन’ झालं, तर? दीन हा शब्द आहेच. शब्दकोशाला विचारा, तो मान डोलावेल. पानावर सगळं शांत असतं, आणि पत्रिका छापून घरोघरी पोचते. या दुसऱ्या जातीच्या चुकांवर माझा चरितार्थ चालतो. नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये हीच जात राहते हे मला ठाऊक नव्हतं.

जीपीएक्स फायली टाकल्या. तीनशे वाटा पडद्यावर मुंग्यांसारख्या पसरल्या आणि मी चक्क टाळी वाजवली. मग एका सार्वजनिक संग्रहातून उतरवलेली तळ्याची शेपफाइल टाकली. शेपफाइल हे नाव एकवचनी आहे, पण ती एक फाइल नसते. आकार एकात, अनुक्रम दुसरीत, तक्ता तिसरीत, आणि हे आकडे पृथ्वीवर कुठले ते सांगणारी चौथी. मला मिळालेल्या गाठोड्यात चौथी नव्हती. क्यूजीआयएसने थराच्या नावापुढे एक छोटं प्रश्नचिन्ह काढलं, बस. ना लाल अक्षरं, ना आरडाओरडा. एवढंसं प्रश्नचिन्ह, विचारलंत तर सांगेन अशा थाटाचं.

मी त्यावर क्लिक केलं. यादी आली. हजारो ओळींची. प्रत्येकीला ईपीएसजी क्रमांक. ईपीएसजी म्हणजे युरोपातल्या तेल-सर्वेक्षणवाल्यांचा गट, १९८६मध्ये जमलेला. समुद्रात कोणाची विहीर कुठे यावरून गोंधळ परवडत नाही, म्हणून त्यांनी मोजणीच्या प्रत्येक पद्धतीला क्रमांक दिले, आणि आज आपण सगळे त्यांचेच क्रमांक वापरतो. मला त्यातला ४३२६ ओळखीचा वाटला, कारण जीपीएक्सचा तोच होता. तोच तळ्याला दिला. तळं पडद्यावरून नाहीसं झालं.

साहजिक आहे. फाइलमधले आकडे होते मीटरमध्ये, लाखांच्या घरातले. मी यंत्राला सांगितलं की हे अंश आहेत. पृथ्वीला रेखांश १८० पर्यंतच. हे तळं कुठल्या तरी लाखाव्या अंशावर जाऊन बसलं. यंत्राने हूं की चूं केलं नाही.

मग कळलं की मीटरवाले आकडे बहुधा यूटीएमचे असतात. पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे ६० उभे पट्टे, प्रत्येकाची वेगळी मोजणी, पट्ट्याच्या मधल्या रेषेला शून्य न म्हणता पाच लाख म्हणायचं, म्हणजे उणे आकडे येत नाहीत. हुशार कल्पना आहे. पण त्याचा अर्थ असा, की तेच आकडे साठही पट्ट्यांत खरे ठरतात. मी शेजारचा पट्टा निवडला. तळं दिसलं! आकार बरोबर, काठाची वळणं बरोबर, लांबीरुंदी बरोबर. फक्त बरोबर सहा अंश पूर्वेला, जिथे मी जन्मात गेलेली नाही. वर्धापनदीन.

मित्राला फोन केला.

“तू थराचा सीआरएस, तो मोजणीचा क्रमांक, बदलत बसलीयेस ना?”

“हो. रूपांतर करायचंय मला.”

“अगं, ते रूपांतर नाही. ती नुसती चिठ्ठी आहे. बरणीवरची चिठ्ठी बदलून साखरेचं मीठ होतं का? रूपांतर करायचं तर थर नव्याने एक्स्पोर्ट करायचा. आणि चिठ्ठी बदलायची ती फक्त चुकीची असेल तेव्हा.”

“माझ्या बरणीला चिठ्ठीच नव्हती.”

“मग चाखून बघ,” तो म्हणाला आणि हसला.

हा फरक मी एका वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवला आहे. नंतर पाहिलं, की या सॉफ्टवेअरशी झगडणारी जवळजवळ प्रत्येक व्यक्ती एकदा तरी इथे ठेचकाळते. माल तोच ठेवून चिठ्ठी बदलणं, आणि माल बदलून नवी चिठ्ठी लावणं. दोन्ही आज्ञा मेनूत एकमेकींपासून फार लांब नाहीत, आणि दोन्ही बिनतक्रार चालतात.

योग्य पट्टा दिला. तळं जागेवर आलं. मी जवळ जाऊन पाहिलं आणि हसू लागले. काठाकाठाने जाणारी माझी नेहमीची वाट पाण्यातून चालली होती. एकदा नव्हे, सहा वर्षांत शंभरेक वेळा मी तळ्यात दोनेकशे मीटर आत शिरून, पाण्यावरून चालून, पलीकडच्या झाडीत निघाले होते.

इथे मला डेटम हा शब्द पहिल्यांदा नीट भेटला. मोजणीसाठी मानलेली पृथ्वी, असा त्याचा अर्थ. पृथ्वी अगदी गोल नाही, ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे, आणि ती नेमकी किती चपटी यावर माणसांचं एकमत व्हायला फार वर्षं लागली. जीपीएस जे मानतं त्या डब्ल्यूजीएस ८४ मध्ये विषुववृत्ताची त्रिज्या ६३,७८,१३७ मीटर धरली आहे आणि चपटेपणा २९८.२५७ मध्ये एक. त्याआधी प्रत्येक देशाने आपापल्या मोजणीला सोयीची पृथ्वी मानली होती, तिचं केंद्रही आपल्या सोयीने सरकवून. म्हणजे तेच अक्षांश, तेच रेखांश, पण वेगळ्या पृथ्वीवरचे. तळ्याची रेषा अशाच एका जुन्या पृथ्वीवर काढलेली होती. उतरवलेल्या झिपमधल्या टिपेत तसं लिहिलंही होतं, आणि मी, मुद्रितशोधक, ती टीप न वाचता पुढे गेले होते. जुन्या डेटमचा क्रमांक दिल्यावर क्यूजीआयएसने रूपांतराच्या दोन-तीन रीती पुढे केल्या, प्रत्येकीपुढे ती किती मीटरपर्यंत खरी तेही लिहिलेलं. एक निवडली. वाट पाण्यातून बाहेर आली, काठावर, जिथे ती आहे.

तळं मधे नसतं तर? उघड्या माळावर दोनशे मीटर सरकलेली वाट मी तशीच छापली असती. ही गोष्ट मला त्या रात्री झोपताना आठवली आणि थोडी भीती वाटली.

आणि पृथ्वी तरी कुठे स्थिर आहे. ऑस्ट्रेलिया खंड वर्षाला सुमारे सात सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. तिथली अधिकृत मोजणी १९९४ची होती; २०२० येईपर्यंत देश आपल्याच नकाशापासून १.८ मीटर पुढे निघून गेला होता. त्यांनी नवी मोजणी आणली. घर हललं म्हणून पत्ता बदलायचा, असा तो प्रकार.

तळ्याचं क्षेत्रफळ काढतानाही अशीच मुकी चूक झाली. पार्श्वभूमीचा वेब-नकाशा आधी टाकला, की सगळा प्रकल्प ३८५७ या क्रमांकावर जातो, म्हणजे वेबवरचं मर्केटर. तळ्याचा थरही मी त्याच क्रमांकात एक्स्पोर्ट केला, सगळं एकसारखं असावं म्हणून. मर्केटरच्या प्रक्षेपणात विषुववृत्तापासून जसजसं दूर जावं तसतशा वस्तू फुगतात. ध्रुव तर अनंतावरच जातात, म्हणून वेब-नकाशे ८५ अंशांच्या जरा वर कातरलेले असतात. २० अंशांवर क्षेत्रफळ १३ टक्क्यांनी फुगतं, ४५ वर दुप्पट होतं, ६० वर चौपट. क्यूजीआयएसमध्ये क्षेत्रफळाची दोन सूत्रं आहेत, दिसायला जुळी. एकाच्या सुरुवातीला डॉलरचं चिन्ह आहे. ते प्रकल्पात मानलेली पृथ्वीची वक्रता धरून मोजतं. दुसरं सपाट कागद समजून मोजतं. मी दुसरं वापरलं. दोन्ही उत्तरं दशांशाच्या पुढे डझनभर आकड्यांसह येतात. इतके आकडे पुढे असले की उत्तर खोटं असेल असा संशयही येत नाही.

शेपफाइलची आणखी एक कुरापत सांगायलाच हवी, कारण ती आपल्या लिपीवर उठलेली आहे. तिच्या तक्त्यात स्तंभाच्या नावाला दहाच बाइट मिळतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षर-संकेतात तीन बाइट खातं. मी ‘तळ्याचं नाव’ असा स्तंभ केला आणि जतन केला. उघडला तेव्हा तिथे ‘तळ्’ एवढंच उरलं होतं, पाय मोडलेलं. त्या दिवसापासून मी जिओपॅकेज वापरते. एकच फाइल, आत सरळ एसक्यूलाइट डेटाबेस, नावं हवी तेवढी लांब.

आता डोंगर. फेब्रुवारी २०००मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने ११ दिवस रडार फिरवून पृथ्वीच्या जमिनीचा बराचसा भाग मोजला, उत्तरेला ६० अंशांपासून दक्षिणेला ५६ अंशांपर्यंत. त्या मोजणीतली, साधारण ३० मीटरला एक अशी उंचीची जाळी आज कुणालाही मिळते. ती मी उतरवली आणि छायांकन, म्हणजे चढउतार उजेड-सावलीत दाखवणं, करायला लावलं. पडद्यावर जे आलं ते डोंगर नव्हते, चुरगाळलेला चांदीचा कागद होता. कारण आडवं माप अंशात, उभं मीटरमध्ये. यंत्राच्या लेखी एका अंशाएवढ्या रुंदीवर शेकडो अंश उंचीचे सुळके उभे होते. जीडॅलच्या कागदपत्रात यावर १,११,१२० हा आकडा सांगितलेला होता, एका अंशात इतके मीटर. तो घातला आणि चांदीचा कागद सैलावला, सोंडा उतरल्या, घळी उमटल्या. माझा डोंगर. ज्या चढावर दर वेळी दम लागतो तोसुद्धा ओळखता आला.

मग मला शहाणपणा सुचला. छायांकनात उजेड वायव्येकडून, ३१५ अंशांवरून येतो असं मानलेलं असतं. उत्तर गोलार्धात सूर्य भर दिवसा सहसा वायव्येला कुठे असतो? मी दुरुस्ती केली, उजेड दक्षिणेकडून सोडला. खऱ्यासारखा.

डोंगर खड्डा झाला.

सोंडांच्या दऱ्या झाल्या, घळींच्या कडा वर आल्या, आणि तळं एखाद्या टेकाडावर ठेवल्यासारखं दिसू लागलं. आकडा एकही बदलला नव्हता. उजेड वरून, डावीकडून येतो अशी आपल्या डोळ्यांची जुनी खात्री असते; तो खालून आला की मेंदू उंचसखल उलटं वाचतो. म्हणजे इथे यंत्र बरोबर, सूर्य बरोबर, आणि चूक करणारी मी. मी कितीतरी वेळ कागद उलटा-सुलटा करत बसावं तसा तो नकाशा फिरवत बसले. मग मुकाट्याने खोटा सूर्य वायव्येला नेऊन ठेवला.

छपाईची गोष्ट लवकर आटपते. मांडणीच्या खिडकीत पान आखलं, दहा-दहा मीटरच्या समोच्च रेषा फिकट तपकिरी केल्या, वाटा लाल पण पारदर्शक, म्हणजे जिथे जास्त वेळा गेले तिथे लाल गडद व्हावा. पीडीएफ करताना मजकूर अक्षरं म्हणून ठेवायचा की रेषा म्हणून, असं विचारतात. अक्षरं ठेवली तर माझ्या फॉण्टच्या वेलांट्या विस्कटल्या. रेषा केल्या तर देखणं उमटलं, पण मग त्या पीडीएफमध्ये काही शोधता येत नाही. मी देखणं निवडलं. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात डेटम, पट्टा आणि ईपीएसजी क्रमांक लिहिला.

मित्र आला तेव्हा कागद टेबलावर पसरलेला होता. त्याने आधी कोपरा वाचला, मग तळ्याचा काठ वाचला, बोट ठेवून. “वाट कोरडी आहे,” म्हणाला. त्याच्या तोंडून ही मोठी दाद. मग तो थोडा मागे सरकला, वरचं शीर्षक त्याने पाहिलं, आणि माझ्याकडे पाहिलं.

‘माझ्या पाउलवाटा’. ऱ्हस्व उ. छत्तीस पॉइंटात.

मी पेन घेतलं, उ वर रेघ मारली, आणि सवयीने समासात दीर्घ ऊ लिहिला.